"बापा, पाह्यजो" : प्रार्थनेत नम्रता म्हणजे नेमकं काय?

धुऱ्यावरचा | ५ जुलै, रात्री ९.५०

सलाम मंडळी.

दारव्हा तालुक्यात आमचं गाव. ख्रिस्ती घरं अकरा, देऊळ कौलारू. (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, बाहेरचे गोंधळतात.) पाळकसाहेबांकडे चार गावं आहेत, त्यामुळे ते महिन्यातून दोन रविवार येतात. उरलेली उपासना आम्हीच चालवतो. त्यातली बरीचशी माझ्या वाट्याला येते, कारण मी बी.ए. आहे आणि माझा आवाज माईकशिवाय मागच्या बाकापर्यंत जातो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मृग लागून आठवडा झाला तरी पाण्याचा पत्ता नव्हता. तेव्हा रविवारी पावसासाठी प्रार्थना ठेवली. मी चांगली तयारी करून गेलो. बायबलात १ राजे १८ मध्ये एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत तोंड घालून बसतो, चाकराला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवतो आणि सातव्या खेपेला त्याला माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसतो. ते सगळं प्रार्थनेत गुंफलं. मग दुष्काळ, कर्ज, जनावरांचा चारा, मंत्रालय, सगळ्यांवरून एक फेरी मारली. अठरा मिनिटं झाली. पोरानं मोबाईलवर मोजली होती. बायकांनी डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं. खरं सांगायचं तर माझ्याच आवाजानं.

सोमवारी संध्याकाळी पाऊस आला.

मंगळवारी पानठेल्यावर जो तो म्हणे, "गुरुजी, पावली तुमची प्रार्थना." त्यात ख्रिस्ती नसलेलेही होते. मी म्हटलं, "छे हो, देवाची कृपा." पण ते कसं म्हटलं ते माझं मला ठाऊक. लग्नात पैठणीचं कौतुक झालं की बाई "अगं, जुनीच आहे" म्हणते ना, तसं.

बुधवारी चार एकर सोयाबीन पेरलं. तेव्हापासून आजपर्यंत थेंब नाही. अठरा दिवस झाले. पोरगं म्हणतं, मिनिटाला एक दिवस धरा. अर्धं बियाणं उगवलंच नाही, उगवलं ते दोन पानांवर येऊन करपलं.

आज पुन्हा उपासना माझ्याकडे होती. उभा राहिलो, डोळे मिटले, आणि काही सुचेना. एलीया आठवेना, दावीद आठवेना. छपरावर कबुतरं चालत होती, तेवढाच आवाज. मग मागच्या बाकावरून आमची मोठी माय बसल्या जागी बोलली. ती नात्यानं लांबची आजी, पंच्याहत्तरीच्या पुढची, अंगठा लावणारी.

"बापा, पाह्यजो."

बस. आमेनसुद्धा म्हटलं नाही तिनं, ते आम्हीच म्हटलं.

बाहेर चपला घालताना मला म्हणते, "तुह्या प्रार्थनेनं पानी आलं असन, त मंग तुह्याच प्रार्थनेनं अटकलं म्हना लागन नं बापू." आणि बोळक्या तोंडानं हसली.

दुपारपासून हे डोक्यात आहे. नम्र प्रार्थना म्हणजे छोटी प्रार्थना का? मग मागायचंच नाही का काही? आणि सगळं देवावर सोडायचं तर माणसानं नेमकं काय करायचं? जाणकारांनी सांगावं. (पोस्ट टाकायच्या आधी तीनदा वाचून पाहिली, बरी जमली का म्हणून. म्हणजे रोग अजून गेलेला नाही.)

---

वऱ्हाडी_ठेचा | ५ जुलै, रात्री १०.३०

राजेहो, पुण्या-मुंबईच्या लोकाइले 'पाह्यजो' समजणार नाही, म्हणून सांगतो. 'पाहा' म्हटलं की आत्ता पाहा. 'पाह्यजो' म्हटलं की मी इथं नसीन तवा पाह्यजो, मंग पाह्यजो, जमन तसं पाह्यजो. वावरात जाताना कुलूप लावतो नं आपण, अन् शेजारच्या काकूले म्हणतो, "घराकडे पाह्यजो जी." काकूले काय पाहाचं ते सांगत नाही आपण. मांजर आलं त हाकलजो, पानी आलं त वाळवण उचलजो, अशी यादी देत नाही. काकूले समजते.

धुऱ्यावरच्या भाऊनं देवाले अठरा मिनिटं यादी देल्ली.

---

धुऱ्यावरचा | ५ जुलै, रात्री १०.४१

ठेचाभाऊ, लागलं. पण बरोबर लागलं.

---

कोरडवाहू | ६ जुलै, सकाळी ७.१५

मी कृषी सहायक आहे, जिल्हा सांगत नाही. मी देव मानणारा माणूस नाही, तुमच्या श्रद्धेत पडत नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट निसटली आहे.

त्या सोमवारी तुमच्याकडे किती पाऊस झाला? आमच्या भागात तेव्हा ३५ मिलिमीटरच्या आसपास झाला होता. आम्ही दर वर्षी घसा फोडून सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. वरची चार बोटं ओली झाली म्हणजे जमीन ओली झाली असं नाही. खाली कोरडं असलं की बी फुगतं, कोंब काढतं आणि तिथेच मरतं. यात देवाचा दोष नाही आणि तुमच्या प्रार्थनेचाही नाही. तुम्ही घाई केली.

आणि घरचं बियाणं असेल तर उगवण तपासली होती का? गोणपाट ओलं करायचं, शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत ठेवायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो पेरा. कमी निघाले तर त्या प्रमाणात बी वाढवा, फारच कमी निघाले तर ते बी दाळीला ठेवा.

---

धुऱ्यावरचा | ६ जुलै, दुपारी १.०५

साहेब, खरं लिहितो. आमच्या कृषी सहायकांनी मला फोनवर हेच सांगितलं होतं. मी म्हटलं, "साहेब, हा पाऊस वेगळा आहे."

म्हणजे काय, तर हा पाऊस मी मागून आणलाय. हे वाक्य तेव्हा मनातसुद्धा पूर्ण झालं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहिताना दिसलं. उगवणही तपासली नव्हती.

---

पाळकीणबाई | ६ जुलै, दुपारी ३.२०

सलाम. मी पाळकाची बायको. तीस वर्षांत सहा गावं झाली, शेणानं सारवलेल्या देवळांपासून टाइल्सच्या देवळांपर्यंत.

धुऱ्यावरचे दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आत्ता स्वतःच दिलंत. मत्तय ४ आठवा. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, घाल उडी, देवदूत झेलतील, शास्त्रात लिहिलंच आहे. वचन खरंच आहे, ते स्तोत्र ९१ मधलं. तरी येशू उडी घालत नाही. म्हणतो, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. ३५ मिलिमीटरवर चार एकर पेरणं आणि वर "हा पाऊस वेगळा" म्हणणं, ही ती उडी आहे. त्याला आपण विश्वास म्हणतो, पण त्यात देवाला कामाला लावण्याचा भाव असतो. मी टोकावरून निघालो, आता झेलणं तुझं काम.

मोठ्या मायनं मात्र कुलूप लावूनच काकूला सांगितलं असणार. तिचं वावर पेरलंय का हो?

आणि मागावं की नाही म्हणालात. मागावं, पोटभर मागावं. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" आहेच की. फक्त किती मागायला सांगितलंय ते बघा. आजची भाकर. कोठार नाही, वर्षाची ज्वारी नाही. 'रोजची' यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो नव्या करारात याच प्रार्थनेत येतो, मत्तयात आणि लूकमध्ये, बाकी कुठेच नाही. त्याचा अर्थ 'आजची', 'उद्याची' की 'गरजेपुरती' यावर पंडितांचा वाद अजून चालू आहे. आपल्या बाया तो वाद रोज संध्याकाळी पीठ मळताना मिटवतात. जेवढी माणसं तेवढा उंडा.

---

धुऱ्यावरचा | ६ जुलै, दुपारी ३.४८

नाही पेरलं तिचं. दीड एकर आहे. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाली, "ढेकूळ फोडून पाह्यलं म्या. आतून कोल्लं हाये."

---

वऱ्हाडी_ठेचा | ६ जुलै, दुपारी ४.०२

😂 बुढी कृषी विद्यापीठ हाये.

---

माऊलीचा_टाळ | ६ जुलै, रात्री ८.४०

रामकृष्णहरी. मी माळकरी. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून हे वळण लावलं, ते विदर्भात अजून गावोगाव टिकून आहे. आमच्या प्रार्थनेला दोन ख्रिस्ती घरांतले म्हातारेही येऊन बसतात, कोणाला त्याचं काही वाटत नाही.

धागा वाचताना एका शब्दावर अडकलो. तुमच्या बायबलात येशू स्वतःला "मनाचा सौम्य व लीन" म्हणतो ना? नम्र आणि लीन यांत आमच्याकडे फरक करतात. नम्र म्हणजे वाकलेला. वाकलेला माणूस परत ताठ होऊ शकतो, आणि वाकताना कोण बघतंय याकडे त्याचं लक्ष असू शकतं. लीन म्हणजे मिसळलेला, मीठ पाण्यात जातं तसा. मीठ वाकत नाही, आणि आपण किती विरघळलो हे सांगायला मागे उरतही नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले असं सांगतात. नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, तिथून ती वाट सुरू झाली. म्हणजे तो पूल आमच्याच आगगाडीच्या वाटेवर आहे. आम्ही अलीकडे, तुम्ही पलीकडे, पाणी तेच.

---

पोटतिडीक | ६ जुलै, रात्री ११.१०

सगळं छान चाललंय. मी थोडं विरजण घालतो.

हा 'पाह्यजो' शब्द मीही लहानपणापासून ऐकलाय. माझी आजी वाड्याच्या पायरीखाली उभी राहून म्हणायची, "पाह्यजो मायबाप." वरून शिळी भाकर यायची, तीही हातात नाही, पदरात टाकलेली. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले ते हे वाकणं सुटावं म्हणून. पुढे १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोक एका दिवसात ताठ उभे राहिले. आमचं घर तेव्हा आधीच देवळात जात होतं, पण माझे वडील त्या मैदानावर गेले होते. परत आले ते वेगळेच चालत आले, असं आई सांगायची.

आणि आता देवळात काय ऐकतो? नम्र व्हा. लीन व्हा. आपण माती आहोत. अरे, आम्हाला माती कोण नाही म्हणालं आजवर? ज्याच्या मानेत ताठा आहे त्याला सांगा नम्र व्हायला. ज्याची मान तीन पिढ्या वाकलेली त्याला उभं राहायला कोण शिकवणार? अठरा मिनिटं प्रार्थना करणाऱ्या बी.ए. झालेल्या पोराचं मला कौतुक वाटतं. बोलू द्या त्याला अठरा मिनिटं. त्याच्या आजाला अठरा शब्द बोलायची सोय नव्हती.

---

धुऱ्यावरचा | ७ जुलै, सकाळी ६.३०

पोटतिडीकदादा, रात्रभर झोप नाही. उत्तर नाही माझ्याकडे. माझ्याही घरची गोष्ट फार वेगळी नाही.

---

पाळकीणबाई | ७ जुलै, सकाळी १०.१५

पोटतिडीकदादा, तुमचं म्हणणं खोडणार नाही, कारण ते खरं आहे. नम्रतेचे उपदेश खाली बसलेल्यांना वरून दिले गेलेत, देवळातही दिले गेलेत. मीसुद्धा दिले असतील.

पण लूकचा अठरावा अध्याय उघडा. परूशी आणि जकातदार सगळ्यांना पाठ आहे, ज्यात परूशी, म्हणजे धर्मनियमांचा पक्का माणूस, देवापुढे आपल्या दशांशाचा, म्हणजे देवाला दिलेल्या दहाव्या हिश्शाचा, हिशेब वाचतो, आणि जकातदार वर बघायला धजत नाही आणि ऊर बडवून म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." पण त्या गोष्टीच्या आधी, त्याच अध्यायात, दुसरी एक गोष्ट आहे. एक विधवा आणि एक न्यायाधीश. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही. बाई रोज त्याच्या दारात. माझा न्याय कर. तो टाळतो, ती पुन्हा येते. शेवटी तो वैतागून म्हणतो, हिचं काम करून टाकतो, नाहीतर ही माझा पिच्छा सोडणार नाही. येशू ही गोष्ट प्रार्थना कशी करावी म्हणून सांगतो!

दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्यात. देवापुढे जकातदार, न्यायाधीशापुढे ती विधवा. आपण उलटं करतो. तहसीलदारापुढे ऊर बडवतो आणि देवापुढे आपल्या दशांशाचा हिशेब वाचतो.

आणि येशूची आई मरीया. स्वतःला दासी म्हणते, आणि लगेच गाते की देवानं अधिपतींना आसनांवरून ओढून काढलं, दीनांना उच्च केलं. आता ही बाई वाकलेली म्हणायची की ताठ?

---

पोटतिडीक | ७ जुलै, सकाळी ११.००

विधवेची गोष्ट कबूल. पण देवळात ती का सांगत नाहीत कधी? मी चाळीस वर्षं जातोय, एकदाही ऐकली नाही.

---

पाळकीणबाई | ७ जुलै, सकाळी ११.२०

या रविवारी सांगायला लावते घरातल्यांना.

---

धुऱ्यावरचा | ७ जुलै, दुपारी १२.४५

यावरून एक आठवलं. चार वर्षांपूर्वी मोठ्या मायनं दुकानातून सोयाबीनची थैली आणली होती. उगवलंच नाही. दुकानदार म्हणे, तुम्हीच खोल पेरलं असेल. हिनं काय केलं, वावरातली माती उकरून न उगवलेले दाणे काढले, फडक्यात बांधले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. भांडण नाही, तंडण नाही. येणाऱ्या प्रत्येकाला फडकं सोडून दाखवायची. तीन दिवस. दुपारी तिथेच भाकर खायची. मी तालुक्याच्या तक्रार समितीकडे अर्ज लिहून दिला, त्यावर तिनं अंगठा लावला. समिती पाहणीला येईल तेव्हा येईल, पण चौथ्या दिवशी दुकानदारानं दुसरी थैली घरपोच पाठवली.

हीच बाई देवाला दोन शब्द बोलते. दुकानदारापुढे ती 'पाह्यजो' म्हणाली नाही. दाखवलं त्याला.

---

व्यवस्थापक | ७ जुलै, दुपारी २.००

धर्मांतराच्या वादाचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी शंभर धागे आहेत, तिकडे जा. संत्र्याच्या फळगळीचा प्रश्न 'शेती' विभागात हलवला आहे.

---

एकलीच | ७ जुलै, रात्री ११.५५

मी इथे फक्त वाचते. आज लिहिते.

पाळकीणबाई, तुम्ही ज्या विधवेचं लिहिलं ती मी आहे असं समजा. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. कसा गेला ते आपल्या भागात सांगावं लागत नाही. सरकारी एक लाख मिळतात, प्रकरण 'पात्र' ठरलं तर. माझं 'अपात्र' ठरलं. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज खासगी. कागद नाही तर माणूस मेला तरी तो शेतकरी नाही.

त्याच्या आधीचं सांगते. तो फवारणीचं औषध प्यायल्यावर दवाखान्यात चार दिवस होता. आमच्या ओळखीचे एक प्रचारक आले. हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली, आज्ञाच केली म्हणा, ऊठ म्हणून. म्हणाले, विश्वास धर बहिणी, उठतोच तो. पाचव्या दिवशी गेला. नंतर ते मला म्हणाले, तुझा विश्वास कमी पडला.

तिथून वर्षभर मी प्रार्थना केली नाही. केली नाही म्हणजे झाली नाही. देवळात जायची, बसायची. सगळे डोळे मिटायचे, मी उघडे ठेवून फरशीकडे बघायची. फरशीला एक चीर होती, तीत मुंग्या जायच्या. मला त्या मुंग्यांचा रस्ता पाठ झाला होता.

मग एकदा कुणीतरी रोमकरांस पत्र वाचत होतं, आठवा अध्याय. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, पण आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हत विनंती करतो. शब्दांत न येणारं कण्हणं. मी त्या 'कण्हणं'वर थांबले. दवाखान्यात तो चार दिवस कण्हत होता. मला वाटायचं, देव ऐकत नाही. त्या दिवशी वाटलं, देव कदाचित ऐकत बसला नव्हता. आमच्यासोबत कण्हत होता.

याने काही सुटलं नाही. पैसे मिळाले नाहीत. पण त्या प्रचारकाचं म्हणणं मानेवरून उतरलं. प्रेषित पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

---

वऱ्हाडी_ठेचा | ८ जुलै, सकाळी ६.१०

ताई, वाचलं. काही लिवत नाही.

---

पोटतिडीक | ८ जुलै, सकाळी ७.३०

एकलीच ताई, अपात्र प्रकरणाचा फेरविचार व्हावा म्हणून अर्ज करता येतो. मी अशी दोन प्रकरणं जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत नेली आहेत, एक झालं, एक नाही झालं. तुमची हरकत नसेल तर व्यक्तिगत निरोप करा. कागद काय आहेत तेवढं सांगा. सहा वर्षं झाली म्हणून सोडू नका.

---

एकलीच | ८ जुलै, सकाळी ९.१२

करते.

---

रात्रपाळी | ८ जुलै, दुपारी ४.३०

मी नर्स. मूळची केरळची, पण बावीस वर्षं वऱ्हाडात, त्यामुळे मराठीत झोपेतसुद्धा बोलते. माझं थोडं वेगळं आहे.

आमच्या पूर्वेकडच्या परंपरेत जकातदाराचं ते वाक्यच प्रार्थना झालंय. प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. साधू लोक हेच श्वासाबरोबर म्हणत राहतात, दिवसभर. मी रात्रपाळीत म्हणते, वॉर्डातून चालताना. अर्धं एका खाटेपाशी, अर्धं दुसऱ्या. ऐकणाऱ्याला वाटतं सिस्टर पुटपुटते.

पण खरं शिकले ते बाळंतिणींच्या वॉर्डात. स्तोत्र १३१ तीनच ओव्यांएवढं आहे. दावीद म्हणतो, माझा जीव दूध तुटलेल्या लेकरासारखा शांत आहे. मी आधी यावर कधी थांबले नव्हते. तान्हं बाळ आईच्या मांडीवर दिलं की काय करतं? तोंड वळवतं, शोधतं, मिळालं नाही तर लाल होऊन रडतं. त्याला आई हवी असते, पण दुधासाठी. दूध तुटलेलं दीड-दोन वर्षांचं पोर मांडीवर येतं, तेव्हा त्याला काही नको असतं. ते येऊन टेकतं. बांगड्यांशी खेळतं.

दूध तोडतानाचे आठ-दहा दिवस मात्र विचारू नका. कडुनिंबाचा पाला लावतात आया. पोर रात्र रात्र रडतं, आईही रडते. त्याला वाटत असेल, हिनं टाकलं मला.

धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या प्रार्थनेला सध्या कडुनिंब लागलाय.

---

धुऱ्यावरचा | ८ जुलै, रात्री १०.२०

सिस्टर, हे मोठ्या मायला वाचून दाखवलं. (सगळा धागाच वाचून दाखवतो, ती खाटेवर पडून ऐकते.) म्हणाली, "बाई खरं सांगते. मह्या धाकट्यानं पंधरा रोज जीव घेतला." आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. तिचा धाकटा १९९१ च्या पुरात गेला.

मी विचारलं, मोठी माय, तू देवाला एवढंच का म्हणते? भरपूर का नाही बोलत? मला वाटलं काही खोल सांगेल. म्हणाली, "बाप हाये नं थो. मले काय पायजे ते त्याले मह्याहून जास्त ठाऊक. मी कायले डोक्स खाऊ त्याचं?"

मग मला कामाला लावलं. घरात मागच्या सालचं सोयाबीन आहे, त्यातले शंभर दाणे मोजून घेतले, गोणपाट ओलं केलं. दहा-दहाच्या ओळी तिनं लावल्या. प्रत्येक ओळ झाली की बोटानं नीट करायची. कोरडवाहू साहेब, तुमची पद्धत तिला आधीच माहीत होती, फक्त तिच्या आईच्या वेळी ज्वारीचे दाणे असायचे.

---

माऊलीचा_टाळ | ९ जुलै, सकाळी ८.००

आमच्याकडे रात्रीपासून झड लागली आहे. तुमच्याकडे?

---

धुऱ्यावरचा | ९ जुलै, सकाळी ८.२५

भुरभुर. मोजण्यासारखं नाही. अठरा मिनिटांच्या प्रार्थनेची ऑफर आहे, पण देऊळ घेईना.

---

कोरडवाहू | ११ जुलै, सायंकाळी ६.४०

काल-आज मिळून यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी चांगला झालाय. तरी ढेकूळ फोडून बघा. सोयाबीन पंधरा जुलैच्या पुढे नेऊ नका, उत्पादन घटतं. त्याच्या पुढे गेलं तर तूर किंवा दुसरं काही बघा.

---

धुऱ्यावरचा | १३ जुलै, रात्री ९.१५

वावर चांगलं ओलं आहे, वीतभर खालपर्यंत. मोठ्या मायनं स्वतः काडी खुपसून पाहिली.

गोणपाट आज उघडलं. मी मोजले तर चौऱ्याहत्तर कोंब. ती म्हणते एकाहत्तर, तीन "मुडदूस" आहेत, ते धरायचे नाहीत. तिचा आकडा धरला.

अडचण एवढीच की घरचं बी तिच्या दीड एकराला आणि माझ्या एका एकराला पुरतंय. तीन एकर मोकळे राहतात. दुकानात भाव वाढलाय आणि हातात पैसा नाही, पहिल्या पेरणीत गेला. कोणाकडे घरचं, तपासलेलं बियाणं असेल तर सांगा. उसनं नेईन, सुगीला दाण्याला दाणा परत करीन.

रविवारी उपासना पुन्हा माझ्याकडे होती. काय म्हटलं ते लिहीत नाही. तीन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. मागच्या बाकावरून मोठी माय म्हणाली, "आज बराबर आयकू आलं."

---

माऊलीचा_टाळ | १३ जुलै, रात्री ९.५०

माझ्याकडे अडीच क्विंटल आहे, त्यातलं एक क्विंटल देतो. उगवण ऐंशीच्या पुढे निघाली होती. परत करायचं सुगीला बघू. दिग्रसला या, स्टँडजवळून फोन करा. पंधराच्या आत पेरायचं तर उद्याच या.

---

धुऱ्यावरचा | १३ जुलै, रात्री ९.५८

येतो. सकाळी सातला निघतो, भावाची गाडी आहे. बारदाना आणू का तुमच्याकडे आहे?

---

माऊलीचा_टाळ | १३ जुलै, रात्री १०.०१

आणा. माझा सगळा उंदरांनी खाल्ला.